कल आणि कौल

एकाच घरात, एकाच आईच्या हातचे अन्न खाऊन वाढलेली दोन भावंडे स्वभावाने आणि गुणांनी किती निराळी असतात, हे कोणत्याही घरात डोकावून पाहिले तरी दिसून येते. एकाला बंद पडलेले घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, तर दुसऱ्याला गोष्टीचे पुस्तक हाती आले की जेवणाचीही शुद्ध राहत नाही. एकीला चार माणसांत बोलावयास उभे केले की उत्साह चढतो, तर तिची बहीण परसातल्या रोपांच्या संगतीतच रमते. निसर्गाने माणसे एका साच्यातून काढलेली नाहीत. मग प्रत्येकाने काय शिकावे आणि मोठेपणी कोणता उद्योग करावा, हा प्रश्न सर्वांच्या बाबतीत एकाच ठरीव रीतीने कसा सुटावा?

आपल्या देशात कित्येक शतके या प्रश्नाचे उत्तर मूल जन्माला येण्यापूर्वीच ठरलेले असे. कुंभाराच्या मुलाने चाक फिरवावे, सुताराच्या मुलाने रंधा मारावा, शेतकऱ्याच्या मुलाने नांगर धरावा, अशी रूढी होती. बापाची विद्या मुलाला घरबसल्या मिळे, एवढी सोय त्यात होती खरी. परंतु त्या सोयीची किंमत फार मोठी होती. कुंभाराच्या घरी गाता गळा जन्मला, तर त्या गळ्याचे चीज होण्याचा मार्ग नसे. असंख्य लोकांना तर विद्येचे दारच बंद होते, आणि मुलींना तुझा ओढा कशाकडे आहे, असे कोणी विचारीतही नसे. पुढे शाळा सर्वांसाठी उघडल्या. जन्माचे बंधन सैल झाले. पण मुलाचा मार्ग ठरविण्याचे काम मग वडिलांची हौस, शेजारच्या मुलाचे उदाहरण आणि वार्षिक परीक्षेतले गुण या तिघांकडे गेले. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न, त्याच्याकडे बारकाईने पाहण्याचे मात्र बहुधा राहूनच गेले.

मुलाकडे असे बारकाईने पाहावे, जे दिसेल त्याची नीट नोंद करावी, आणि त्या नोंदींच्या आधाराने त्याच्या शिक्षणाची दिशा ठरवावी, हा विचार सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत मूळ धरू लागला. या विचाराने पुष्कळ भले केले आणि काही ठिकाणी मोठे नुकसानही केले. दोन्हींची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे.

या हकीकतीत पहिला मान आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचा आहे. बिने यांचा जन्म १८५७ साली झाला. त्यांनी आधी कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. मग वैद्यकाचा अभ्यास आरंभिला, तोही सोडून दिला. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसून ग्रंथ वाचता वाचता त्यांना मानसशास्त्राची गोडी लागली आणि तीच त्यांची जन्माची विद्या ठरली. माणसाला आपला मार्ग सापडावयास कधी कधी किती वळणे घ्यावी लागतात, याचे ते स्वतःच एक उदाहरण होते.

बिने यांना मादलेन आणि आलीस अशा दोन मुली होत्या. पित्याच्या प्रेमाने आणि शास्त्रज्ञाच्या नजरेने त्यांनी त्या दोघींचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. मादलेन चालावयास शिकू लागली तेव्हा ती फार जपून पाऊल टाकी. समोरच्या खुर्चीपर्यंत आपण खात्रीने पोचू, असे वाटले तरच ती हातातला आधार सोडी. आलीसचे चालणे अगदी निराळे होते. ती आधाराचा विचार न करता लडखडत थेट खोलीच्या मध्यावर जाई. पुढे मुली मोठ्या झाल्यावर बिने यांनी त्यांच्याकडून शब्द लिहवून घेतले, वस्तूंची वर्णने करवून घेतली, रेषांची लांबी ताडून पाहावयास सांगितले. एकीची वर्णने समोर दिसणाऱ्या वस्तूला धरून असत. दुसरीची कल्पना वस्तू सोडून दूर भरारी मारी. १९०३ साली त्यांनी या अभ्यासावर ग्रंथ लिहिला. दोघी बहिणी बुद्धिमान होत्या, परंतु दोघींच्या बुद्धीची जात वेगळी होती. कोण हुशार आणि कोण मंद, एवढे विचारून भागत नाही. कोण कशा प्रकारे विचार करते, हेही पाहावे लागते, हा धडा बिने यांना आपल्या घरातच मिळाला.

या धड्याचा उपयोग करण्याची वेळ लवकरच आली. फ्रान्समध्ये १८८२ सालच्या कायद्याने सहा ते तेरा वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षण सक्तीचे झाले होते. वर्गात पूर्वी कधी न आलेली मुले आली, आणि त्यांतील काहींना शिकविलेले समजेना. अशा मुलांचे करावयाचे काय? कोणी म्हणे हे मूल आळशी आहे, कोणी म्हणे खोडकर आहे, कोणी म्हणे बुद्धीने अधू आहे. एकाच मुलाला एक वैद्य एक नाव देई आणि दुसरा वैद्य दुसरे. अशा अंदाजावर विसंबून मुलाला शाळेतून काढले, तर त्याचा जन्म फुकट जाण्याची भीती होती. १९०४ साली फ्रेंच सरकारने या प्रश्नाच्या विचारासाठी एक समिती नेमली. बिने तिचे सभासद होते.

थेओदोर सिमाँ या तरुण डॉक्टरांच्या साहाय्याने बिने यांनी १९०५ मध्ये तीस छोट्या कृतींची एक श्रेणी तयार केली. तिच्यात पाठांतराला फारसे स्थान नव्हते. आरंभीच्या कृती अगदी सोप्या होत्या. पेटलेली काडी डोळ्यांपुढून फिरविली तर मूल नजरेने तिचा मागोवा घेते का, चॉकलेटचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा यांतला भेद त्याला कळतो का, हे पाहावयाचे. मग तीन अंक ऐकून ते तसेच म्हणावयाचे. दिसण्यात सारख्या पण वजनात निराळ्या अशा डब्या हलकीपासून जडीपर्यंत क्रमाने लावावयाच्या. शेवटच्या कृती कठीण होत्या. घडी घातलेल्या कागदाचा तुकडा कात्रीने कापला, तर तो कागद उलगडल्यावर कसा दिसेल, हे मनानेच पाहून सांगावयाचे असे. १९०८ साली या कृती वयाप्रमाणे लावण्यात आल्या. तीन वर्षांच्या मुलाला नाक, डोळे, तोंड दाखविता यावे. त्यापुढील प्रत्येक वयाला काय जमावे, हे प्रत्यक्ष मुलांना तपासून ठरविण्यात आले.

येथे नोंदींचे महत्त्व स्पष्ट होते. एका मुलाला एखादी कृती जमली नाही, यावरून काहीच कळत नाही. त्याच वयाच्या पुष्कळ मुलांपैकी कितींना ती जमते, हे ठाऊक असेल तरच त्या एका मुलाविषयी काही बोलता येते. गावातली विहीर यंदा लवकर आटली, असे म्हणावयाचे तर मागच्या उन्हाळ्यांची आठवण जवळ असावी लागते. तशी आठवण लिहून, मोजून ठेवणे हेच या शास्त्राचे मुख्य काम होय.

परंतु बिने यांचे खरे मोठेपण मोजण्यात नव्हते. मोजून झाल्यावर काय करावयाचे, याविषयीच्या त्यांच्या आग्रहात होते. बुद्धी म्हणजे जन्मतःच ठरून गेलेली, कधी न वाढणारी वस्तू आहे, असे त्या काळचे काही विद्वान म्हणत. १९०९ साली लिहिलेल्या पुस्तकात बिने यांनी या मताचा कडक निषेध केला. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी मनाचे व्यायाम सुचविले. त्यांतला एक व्यायाम मुलांना खेळच वाटे. शिक्षकाने खूण केली की प्रत्येकाने असेल त्या स्थितीत पुतळ्यासारखे निश्चल राहावयाचे. दुसऱ्यात काही वस्तू क्षणभर दाखवून झाकावयाच्या आणि मुलांनी त्या आठवून लिहावयाच्या. अशा सरावाने लक्ष, स्मरण आणि निश्चय वाढतात, आणि मूल पुढचे धडे शिकावयास सिद्ध होते, असे त्यांचे म्हणणे होते. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी. नाडी पाहून रोग्याला घराबाहेर काढीत नाही. बिने यांची चाचणी अशीच होती. १९११ मध्ये, चोपन्न वर्षांचे असताना, ते वारले.

बिने मुलाला पाहत होते. पण माणूस आणि उद्योग यांची जोड जमवावयाची तर उद्योगालाही पाहिले पाहिजे. ही दुसरी बाजू अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी हाती घेतली. पार्सन्स यांनी स्वतः किती तरी धंदे केले होते. ते अभियंता होते, पोलादाच्या कारखान्यात मजूर होते, शिक्षक होते, वकील होते. बॉस्टनमध्ये देशोदेशींहून आलेल्या गरीब कुटुंबांची मुले शाळा सोडून जे हाताला लागेल ते काम धरीत आणि थोड्याच दिवसांत ते सोडीत. १९०८ च्या आरंभी पार्सन्स यांनी अशा तरुणांसाठी व्यवसाय-मार्गदर्शनाचे एक केंद्र उघडले. ते त्यांना लांबलचक प्रश्नावली देत आणि घरी बसून प्रामाणिकपणे उत्तरे लिहावयास सांगत. त्यांची शिकवण तीन पायऱ्यांची होती. पहिली, स्वतःला ओळखा. दुसरी, निरनिराळ्या कामांना काय लागते आणि त्यांतून काय मिळते ते जाणून घ्या. तिसरी, या दोहोंचा मेळ बसतो की नाही, याचा शांतपणे विचार करा. केंद्र उघडले त्याच वर्षी पार्सन्स यांचे निधन झाले, आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. त्यांच्या रीतीत एक गोष्ट विशेष आहे. सल्ला देणारा दिवा धरी. वाट मात्र त्या तरुणालाच निवडावी लागे.

यानंतर नोंदींचा पसारा वेगाने वाढला. १९२७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक एडवर्ड स्ट्राँग यांनी एक युक्ती काढली. त्यांनी शेकडो गोष्टींची यादी केली. तिच्यात उद्योग होते, शाळेतील विषय होते, करमणुकी होत्या, माणसांचे स्वभावही होते. प्रत्येक गोष्टीपुढे आवडते, आवडत नाही किंवा दोन्ही नाही, अशी खूण करावयाची. डॉक्टर, वकील, अभियंते यांच्याकडून ही यादी भरून घेतल्यावर असे दिसले की, एका व्यवसायात टिकलेल्या माणसांच्या आवडीनिवडी इतरांहून निराळ्या आणि आपसांत सारख्या असतात. एखाद्या तरुणाच्या खुणा अभियंत्यांच्या खुणांशी जुळल्या, तर त्या लोकांत त्याचे मन रमेल, असे अनुमान करता येते. मात्र तो चांगला अभियंता होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही. आवड ही एक गोष्ट आहे आणि कुवत ही दुसरी. नदीत पोहण्याची आवड असणे निराळे आणि पूर आलेली नदी पोहून जाणे निराळे. म्हणून जाणते मार्गदर्शक आवड आणि कुवत अशा दोन्हींची स्वतंत्र चाचणी घेतात.

या यादीच्या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९३३ साली स्त्रियांसाठी निराळी यादी काढण्यात आली, आणि पुरुषांशी ताडून पाहण्यासाठी ज्या व्यवसायांच्या नोंदी होत्या त्यांतील सर्व स्त्रियांसाठी नव्हत्या. त्या काळी थोड्याच व्यवसायांत स्त्रियांना प्रवेश होता; साहजिकच नोंदीही तेवढ्याच मिळाल्या. एखाद्या मुलीचा ओढा असेल तिकडे पूर्वी कोणी स्त्री गेलीच नसेल, तर तिला तिकडची वाट कशी दाखविणार? १९७४ मध्ये दोन्ही याद्या एक करण्यात आल्या. नोंदी कालच्या जगाच्या असतात. कालच्या जगात जो अन्याय होता तोही त्यांत मुकाट्याने उतरतो, आणि वापरणारा सावध नसेल तर उद्याच्या जगाला तोच नियम म्हणून लागू होतो.

नोंदींनी आणखी एक सत्य सांगितले. १९६० साली अमेरिकेत तेराशेहून अधिक माध्यमिक शाळांतील सुमारे चार लाख चाळीस हजार विद्यार्थ्यांची एक फार मोठी पाहणी झाली. तिचे प्रमुख जॉन फ्लॅनगन हे होते. मुलांच्या निरनिराळ्या कुवती, आवडीनिवडी आणि पुढील बेत टिपून घेतले गेले, आणि मग काही वर्षांनी त्याच मुलांना पुन्हा विचारण्यात आले. तेव्हा असे आढळले की, शाळेत असताना आपण अमुक होणार असे सांगणाऱ्या बहुसंख्य मुलांचे बेत पुढे बदलले होते. हा काही मुलांचा दोष नव्हे. वयाबरोबर माणूस स्वतःला अधिक ओळखू लागतो, नव्या विद्या त्याच्या दृष्टीस पडतात, जगही बदलते. सोळाव्या वर्षीचे उत्तर जर बदलते, तर त्याहून लहान वयात दिलेले उत्तर कायमचे मानणे किती धाडसाचे होईल!

तरीही एका मोठ्या देशाने ते धाडस केले. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीला फुले किंवा पाने लावतात. कोणते फूल आधी गळते यावरून उत्तर समजतात, आणि कौल मिळाला की वाद संपतो. देवाचा कौल हा भाविकांच्या श्रद्धेचा विषय आहे. परंतु माणसाने तयार केलेल्या चाचणीला कौलाचे स्थान दिले म्हणजे काय होते, हे इंग्लंडमध्ये दिसून आले.

तेथे १९४४ सालच्या शिक्षणविषयक कायद्यानंतर सर्वांना माध्यमिक शिक्षण मोफत झाले. हेतू उदात्त होता. श्रीमंताच्या मुलाला पैशामुळे मिळणारी शाळा यापुढे गरिबाच्या मुलाला गुणांमुळे मिळावी, अशी इच्छा होती. यासाठी अकरा वर्षांच्या आसपासच्या मुलांची गणित, इंग्रजी आणि तर्क यांची परीक्षा घेण्यात येई. जी वर येत ती उच्च अभ्यासाच्या ग्रामर शाळेत जात. बाकीची बहुतेक साध्या शाळांत जात. ग्रामर शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण सर्वसाधारणपणे चारांत किंवा पाचांत एक असे. त्यामुळे मजुरांची कित्येक हुशार मुले विद्यापीठापर्यंत पोचली, हे मान्य केले पाहिजे. पण जी मुले मागे राहिली त्यांना अकराव्या वर्षीच आपण नापास झालो, असे वाटू लागले. शिवाय जागांचे प्रमाण सर्वत्र सारखे नव्हते. एका भागात जेवढ्या गुणांवर प्रवेश मिळे, तेवढ्याच गुणांवर दुसऱ्या भागात मूल बाहेर राही. १९५७ साली तेथील शिक्षण-संशोधकांनी या परीक्षेची तपासणी केली. शक्य तेवढी काळजी घेतली तरी दर दहा मुलांमागे सुमारे एका मुलाची निवड चुकते, असे त्यांना आढळले. हजारात शंभर हा आकडा कागदावर लहान दिसतो. पण त्या शंभरांतील प्रत्येकाला आयुष्य एकच असते. १९६५ नंतर इंग्लंडमधील बहुतेक भागांनी ही पद्धत सोडून सर्व मुलांसाठी एकत्र शाळा काढल्या. थोड्या भागांत ती परीक्षा अद्याप आहे.

याच देशाला २०२० साली पुन्हा एकदा हा धडा मिळाला. त्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे शालान्त परीक्षा होऊ शकल्या नाहीत. शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्याची श्रेणी अंदाजाने कळविली. पण शिक्षक सढळ हाताने श्रेणी देतील, या शंकेने त्या श्रेण्यांवर गणकयंत्राचे एक सूत्र चालविण्यात आले. त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे स्थान होते. निकाल लागला तेव्हा इंग्लंडमध्ये शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेण्यांपैकी सुमारे चाळीस टक्के श्रेण्या खाली आल्या होत्या. ज्या शाळेतून पूर्वी कोणी फार वर गेले नव्हते, तेथील हुशार विद्यार्थी आपल्या शाळेच्या पूर्वेतिहासाने मागे ओढला गेला. त्याने अभ्यास केला होता. परंतु सूत्राने पाहिले ते त्याच्या आधी त्या बाकावर बसून गेलेल्यांना. विद्यार्थी रस्त्यावर आले, पालकांनी आवाज उठविला, आणि निकालानंतर चार दिवसांनी, १७ ऑगस्ट रोजी, ते सूत्र रद्द करून शिक्षकांच्या श्रेण्या मान्य करण्यात आल्या. ‘तुमच्यासारख्या पुष्कळांचे काय झाले’, हे आकडे सांगू शकतात. ‘तुमचे काय होईल’, हे सांगण्याचा अधिकार त्यांना नाही, हेच या प्रसंगाने दाखवून दिले.

आपल्या देशातही हे शास्त्र जुने आहे. लाहोर येथे सी. एच. राइस यांनी १९२२ साली बिने यांच्या चाचणीला हिंदुस्थानी रूप देण्याचा यत्न केला. मराठी आणि कानडी मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी तिचे रूपांतर करून मुलांना तपासले आणि १९४० साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. असे रूपांतर म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. पॅरिसच्या मुलाला परिचित असलेली वस्तू बेळगावच्या किंवा रत्नागिरीच्या मुलाने पाहिलेली नसली, तर त्याचे उत्तर चुकते ते अज्ञानामुळे. बुद्धी कमी असल्यामुळे नव्हे. समजा, घाटावरच्या मुलाला होडीच्या वल्ह्याविषयी विचारले आणि कोळ्याच्या मुलाला मोटेच्या नाड्याविषयी; दोघेही गप्प बसतील. त्यांचे प्रश्न परस्परांत बदलले की दोघांच्याही तोंडून उत्तरांचा पाट वाहू लागेल. मूल ज्या मातीत वाढले त्या मातीचा विचार न करता घेतलेली चाचणी मुलाला मापीत नाही. ती केवळ त्याचे आणि चाचणी करणाराचे अंतर मापते.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ साली डॉ. मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने निरनिराळ्या कलांच्या मुलांसाठी निरनिराळे अभ्यासक्रम असलेल्या बहुउद्देशीय शाळा काढाव्यात आणि विद्यार्थ्यांना मार्गदर्शन मिळावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रात राज्य मंडळाने २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कल चाचणी सुरू केली व ती पुढे काही वर्षे घेतली. शेती, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा ओढा कोठे आहे, हे तीत पाहिले जाई. त्या चाचणीच्या निकालावर शाखेचा प्रवेश अवलंबून नव्हता. तो निकाल विद्यार्थ्याने आणि पालकांनी विचारासाठी घ्यावयाचा होता. चाचणीच्या नावातच तिची मर्यादा आणि तिचे सौंदर्य दोन्ही आहेत. कल म्हणजे झुकाव. रोपटे उजेडाकडे कलते, म्हणून त्याला पाणी घालणे थांबवावयाचे नसते. उलट, त्याचा कल ओळखून माळी त्याला ऊन येईल अशी जागा देतो आणि वाकडे वाढू लागले तर आधाराला काठी लावतो.

असे असूनही चाचण्यांचा आणि आकड्यांचा तिरस्कार करणे शहाणपणाचे नाही. त्यांच्यावाचून मग पुन्हा वडिलांची हौस आणि शेजाऱ्याचे उदाहरण एवढेच हाती उरेल. वर्गात मागच्या बाकावर मुकाट बसणाऱ्या मुलाच्या अंगी आकृत्या समजण्याची असामान्य शक्ती असली, तर ती गुणपत्रिकेवर दिसत नाही. चाचणीत ती एकदम उजेडात येऊ शकते. खेड्यातल्या ज्या मुलीने प्रयोगशाळा पाहिलेलीही नाही, तिला आपण विज्ञान शिकण्यास समर्थ आहोत असा भरवसा नोंदींच्या एका कागदाने मिळू शकतो. जी गोष्ट कोणाच्याच डोळ्यांना दिसली नाही ती दाखविणे, हे आकड्यांचे मोठे पुण्य आहे. जी गोष्ट अजून घडलेली नाही ती घडणारच नाही असे ठरविणे, हे त्यांच्या हातून घडणारे पाप आहे.

म्हणून आपल्या कलाची नोंद ज्याच्या हाती येईल, त्याने ती मान खाली घालून स्वीकारू नये आणि रागाने फाडूनही टाकू नये. तिला प्रश्न विचारावेत. ही नोंद माझ्या आवडीची आहे की कुवतीची? मला ज्यांच्याशी ताडून पाहिले ते माझ्यासारख्या परिस्थितीत वाढलेले होते का? जे मी अजून शिकलोच नाही, त्याचा दोष माझ्या बुद्धीला तर लावला गेला नाही ना? असे प्रश्न विचारून झाल्यावर जे खरे उरेल ते मानावे, आणि दोन-तीन वर्षांनी स्वतःला पुन्हा तपासावे. शिक्षकांनी आणि पालकांनी कागदाबरोबरच मुलाकडेही पाहावे. त्याला कोणत्या कामात वेळेचे भान राहत नाही, कोणत्या अडचणीने तो हटत नाही, आणि न सांगता तो काय करू लागतो, ही माहिती अजून तरी कोणत्याही चाचणीपेक्षा घरच्या आणि शाळेतल्या डोळस माणसांनाच अधिक असते.

मुलाला कोठे नेऊन बसवावे एवढेच बिने यांना शोधावयाचे नव्हते. बसविले तेथून त्याला पुढे कसे न्यावे, हे त्यांना शोधावयाचे होते. पार्सन्स यांनी तरुणांना नोकरीच्या दारात नेऊन सोडले नाही. आधी स्वतःकडे पाहावयास शिकविले. या दोघांची शिकवण ज्या ज्या ठिकाणी पाळली गेली तेथे नोंदींनी मुलांना वाट दाखविली, आणि जेथे ती विसरली गेली तेथे त्याच नोंदींची भिंत झाली. कल जरूर ओळखावा. त्यासाठी मोजावे, लिहावे, ताडून पाहावे. कौल मात्र कोणत्याही कागदाकडून घेऊ नये. तो ज्याचा त्याने, शिकत शिकत, आपल्या कामाने द्यावयाचा असतो.